लिथियम पुन्हा सुरू करावे का?

पुण्याहून एका वाचक भगिनींनी पाठवलेल्या पत्राचा गोषवारा असा आहे. त्यांच्या 64 वर्षांच्या आई अकोल्याला मुलगा आणि सून यांच्याजवळ राहतात. बायपोलर आजारासाठी (कधी उन्माद, म्हणजे प्रमाणाबाहेर चढलेला उत्साह किंवा चिडचिड, तर कधी नैराश्य आणणाऱ्या मनाच्या आजारासाठी) त्या गेली 14 वर्षे रोज रात्री लिथियमच्या 300 मिलिग्रॅमच्या 3 गोळ्या घेत होत्या आणि या काळात त्यांना उन्मादाचा झटका एकदाही आला नाही. मार्चमध्ये एका फिजिशियनने रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड ही दोन औषधे एकत्र असलेली गोळी सुरू केली. एप्रिलमध्ये गुडघे दुखू लागले, म्हणून घराजवळच्या मेडिकलमधून डायक्लोफिनॅक आणून ते दिवसातून दोनदा घेतले जाऊ लागले. मे महिन्यात ऐन उन्हात घरी लग्न झाले, पाठोपाठ दोन दिवस जुलाब झाले, आणि मग हात जोरजोराने थरथरणे, तोल जाणे, जीभ जड होणे, घरच्यांनाच न ओळखणे असे सुरू झाले. अर्धांगवायू समजून सीटी स्कॅन केला, त्यात काही निघाले नाही; रक्तातील लिथियम मात्र 2.3 निघाले. पाच दिवस सलाइन दिल्यावर प्रकृती सुधारली, मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारे रक्तातील क्रिएटिनिन पूर्ववत झाले, आणि ‘हे औषध पुन्हा देऊ नका’ असे बजावून त्यांना घरी सोडण्यात आले. त्याला आता तीन आठवडे झाले. नेहमीचे मनोविकारतज्ज्ञ कमी मात्रेत लिथियम पुन्हा सुरू करू म्हणतात. मामा म्हणतात, डोक्याची सगळीच औषधे विषारी, आता एकही नको. आणि आई स्वतः म्हणतात, ‘मला माझी तीच गोळी द्या.’ पत्रलेखिका विचारतात की हा औषधाचा दुष्परिणाम होता की कोणाची चूक, लिथियम पुन्हा द्यावे का, की त्याऐवजी दुसरे काही द्यावे, आणि दिलेच तर काय सांभाळावे. ताजा कलम असा: आई गेले चार दिवस रात्री चारच तास झोपतात, तरी दमलेल्या दिसत नाहीत, आणि आषाढी एकादशीचा उपास करणारच म्हणतात.

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य ताज्या कलमात आहे, म्हणून सुरुवात तेथूनच करतो. पत्र मिळाले त्याच दिवशी हे तुम्हाला फोनवर कळवले होते. इतर वाचकांसाठी पुन्हा लिहितो. बायपोलर आजार असलेल्या व्यक्तीची झोप एकाएकी कमी व्हावी आणि तरीही तिला थकवा जाणवू नये, हे उन्माद जवळ आल्याचे बहुधा सर्वांत आधी दिसणारे चिन्ह असते. लिथियम हळूहळू कमी न करता एकदम थांबवले, तर आजार उलटण्याचा धोका पहिल्या काही महिन्यांत बराच वाढतो; त्यामुळेच ठरवून बंद करायचे असते तेव्हा मात्रा निदान चार आठवड्यांत, शक्य असल्यास तीन महिन्यांत, पायरीपायरीने उतरवतात. तुमच्या आईंच्या बाबतीत विषबाधा झालेली असल्यामुळे ते एकदम थांबवावेच लागले, यात रुग्णालयाचे काही चुकले नाही. परंतु औषध थांबवल्यानंतर त्या जागी काय, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही आणि तीन आठवडे त्या कोणत्याही संरक्षणाविना आहेत. म्हणून मनोविकारतज्ज्ञांची भेट पुढच्या महिन्यावर ढकलू नका. लिथियम द्यावे की न द्यावे हा निर्णय व्हायला चार दिवस लागले तरी झोप आवरणारे तात्पुरते औषध ते लगेच देऊ शकतात. मधल्या काळात रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर चोवीस तास बोलता येते आणि मराठीतही बोलता येते.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे वळतो. दुष्परिणाम आणि विषबाधा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे घरोघरी पुष्कळ घोटाळे होतात. लिथियमची पातळी योग्य असतानाही काहींच्या बोटांना बारीक कंप असतो, तहान जास्त लागते, लघवीला वारंवार जावे लागते, वजन वाढते, थायरॉइड मंदावते, आणि क्वचित रक्तातील कॅल्शियम वाढते. हे दुष्परिणाम होत. त्यांवर इलाज असतात, काही सोसता येतात, काही सोसता येत नाहीत म्हणून औषध बदलावे लागते. तुमच्या आईंना मे महिन्यात जे झाले ते यांपैकी काहीही नव्हते. ती विषबाधा होती, म्हणजे चांगले सोसलेले औषध शरीरात प्रमाणाबाहेर साठले होते. लिथियमचे प्रमाण रक्तात साधारण 0.6 ते 0.8 मिलिइक्विव्हॅलंट प्रतिलिटर असले की औषध काम करते, 1.5 च्या पुढे गेले की बहुतेकांना विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, आणि वय झालेल्या माणसाला त्याच्या आतही त्रास होऊ शकतो. उपकार आणि अपाय यांच्यात इतके थोडे अंतर असलेली औषधे फार नाहीत. म्हणून ते नेहमी रक्त तपासून द्यायचे असते, अंदाजाने नव्हे.

आईंनी गोळ्या जास्त घेतल्या नव्हत्या, हे तुम्ही दोनदा लिहिले आहे आणि ते खरेच असणार. वाढले ते घेणे नव्हे, थांबले ते बाहेर जाणे. पुष्कळशा औषधांचे यकृतात रूपांतर होते. लिथियमचे तसे होत नाही. ते जसेच्या तसे मूत्रपिंडातून लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांच्यात फारसा भेद करता येत नाही. शरीरातले पाणी किंवा मीठ कमी झाले की ते सोडियम वाचवण्यासाठी परत शोषून घेऊ लागते, आणि त्या सोडियमबरोबर लिथियमही परत आत येते. गाळण्याचा वेग मंदावला तरी तेच होते. नळ तेवढाच चालू होता, मोरीचे तोंड बुजत गेले, असे झाले.

याचा सर्वांत कटू धडा अमेरिकेने घेतला आहे. 1940 च्या दशकाच्या अखेरीस तेथे लिथियम क्लोराइड हे मिठाला पर्याय म्हणून दुकानांत विकले जात होते, आणि ते घेत होते कोण, तर हृदयविकार किंवा रक्तदाबामुळे ज्यांना मीठ वर्ज्य केले होते असे रुग्ण. म्हणजे ज्यांच्या शरीरात लिथियम सर्वांत जास्त साठणार, त्यांच्याच ताटात ते मोजमाप न ठेवता पडत होते. काही जण दगावले आणि 1949 मध्ये ते बाजारातून काढून टाकण्यात आले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड या मनोविकारतज्ज्ञाने उन्मादाच्या रुग्णांना लिथियमने उतार पडतो असा लेख प्रसिद्ध केला, परंतु आधीच्या मृत्यूंची धास्ती इतकी होती की अमेरिकेत या औषधाला 1970 पर्यंत मान्यता मिळाली नाही. डेन्मार्कचे मनोविकारतज्ज्ञ मोगेन्स शौ यांनी मधल्या वर्षांत चिकाटीने चाचण्या केल्या आणि रक्तातील पातळी मोजून औषध देण्याची शिस्त रूढ झाली, तेव्हाच ते सुरक्षितपणे वापरता येऊ लागले. मामांना लिथियम विष वाटते, ते निराधार नाही. न मोजता दिले तर ते विषच आहे.

आता तुमच्या घरची मार्च ते मे ही साखळी पाहू. रक्तदाबाच्या त्या एका गोळीत दोन औषधे होती आणि दोन्ही लिथियम वाढवणारी होती. हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवीवाटे मीठ घालवणारे औषध आहे. त्याच्या वर्गातील औषधांनी लिथियमची पातळी पंचवीस ते चाळीस टक्क्यांपर्यंत वाढू शकते. टेल्मिसार्टनसारख्या औषधांचा लिथियमवरचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, म्हणून तो पटकन कोणाच्या ध्यानात येत नाही. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात लिथियम घेणाऱ्या वृद्धांचा एक मोठा अभ्यास झाला आणि 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रक्तदाबाची एसीई वर्गातील (टेल्मिसार्टनच्या जवळच्या वर्गातील) किंवा लघवी वाढवणारी काही औषधे नव्याने सुरू झाल्यावरचा पहिला महिना विषबाधेच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचा ठरला होता. मार्चच्या या गोळीने तुमच्या आईंची पातळी बहुधा 0.7 वरून 1 च्या आसपास गेली असेल आणि त्यांना काहीच जाणवले नसेल. एप्रिलमध्ये डायक्लोफिनॅक आले. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, नॅप्रोक्सेन ही सगळी एका कुळातली वेदनाशामके मूत्रपिंडातला रक्तप्रवाह घटवतात आणि लिथियम आत रोखून धरतात. कोणाच्या शरीरात किती, हे आधी सांगता येत नाही. वेदनाशामक, टेल्मिसार्टनच्या वर्गातले औषध आणि लघवीचे औषध ही तिन्ही एकत्र आली, तर लिथियम न घेणाऱ्या माणसाचे मूत्रपिंडही अडचणीत येऊ शकते. त्यानंतर अकोल्याचा मे महिना, लग्नाची धावपळ, घाम, आणि शेवटी दोन दिवसांचे जुलाब. जुलाबांविषयी एक शंका मनात ठेवायला हवी. लिथियम चढू लागले की जुलाब आणि मळमळ ही सुरुवातीची लक्षणे असतात, तेव्हा लग्नातले जेवण बाधले असे तुम्ही लिहिले असले, तरी ते जुलाब कदाचित विषबाधेचे कारण आणि परिणाम दोन्ही असू शकतील.

या साखळीतला माझ्या मते सर्वांत कच्चा दुवा तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर, जाता जाता आलेल्या एका वाक्यात आहे. फिजिशियनने ‘आणखी काही गोळ्या चालू आहेत का’ असे विचारले तेव्हा भावाने ‘झोपेची एक घेते’ असे सांगितले. का सांगितले, हे मी समजू शकतो. आपल्याकडे मनाच्या आजाराची गोळी कपाटात, साड्यांच्या खाली असते. रक्तदाबाची गोळी टीव्हीशेजारी, सर्वांना दिसेल अशी. सून आली, व्याही आले, शेजारी आले की पाकीट आत जाते. फाईलही वेगळी, दवाखानाही वेगळ्या गावातला. चौदा वर्षांत हे इतके अंगवळणी पडते की डॉक्टरपुढेही तोंडून तेच येते. लाजेपोटी लपवलेले औषध हे सर्वांत धोक्याचे औषध असते, कारण त्याच्याशी काय जुळते आणि काय जुळत नाही हे तपासण्याची संधीच कोणाला मिळत नाही. त्या फिजिशियनना लिथियम हा शब्द ऐकू आला असता, तर बहुधा त्यांनी ती गोळी लिहिली नसती.

तरीही दोष एकट्या भावाच्या माथी मारू नका. ‘झोपेची गोळी’ असे उत्तर आल्यावर ‘नाव काय, पाकीट दाखवा’ हा पुढचा प्रश्न यायला हवा होता. डायक्लोफिनॅक चिठ्ठीशिवाय मिळायला नको होते. आणि आम्हा डॉक्टरांच्या बाजूचे सांगायचे, तर तुम्ही लिहिल्याप्रमाणे आईंची लिथियमची तपासणी शेवटची दोन वर्षांपूर्वी झाली होती. चौदा वर्षे सारे ठीक चालले की तपासण्यांत ढिलाई येते, रुग्णाच्या आणि डॉक्टरांच्याही. नेमक्या याच काळात रुग्णाचे वय वाढते, मूत्रपिंडाची क्षमता हळूहळू उतरते आणि पन्नाशीत योग्य असलेली मात्रा साठीनंतर जास्त ठरू लागते. रोज 900 मिलिग्रॅम ही मात्रा कमी करायची वेळ मार्चच्या आधीच आली होती काय, हे पाहण्यासाठी जुने क्रिएटिनिनचे अहवाल काढून तारखेवार लावा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणावर खटला भरावा असे मला यात दिसत नाही. मात्र घडलेली घटना भारतीय औषध-सतर्कता कार्यक्रमाला कळवता येते. त्यांचा निःशुल्क क्रमांक 1800-180-3024 असा आहे आणि रुग्णाचे नातेवाईकही तेथे माहिती देऊ शकतात.

दुसरा प्रश्न: पुन्हा द्यावे का? आईंना न तपासता हो किंवा नाही म्हणणे योग्य नाही, परंतु तुमच्या मनोविकारतज्ज्ञांचा विचार मला अविचारी वाटत नाही, आणि ‘पुन्हा देऊ नका’ हे वाक्य अतिदक्षता विभागातून आलेले आहे हेही लक्षात घ्यावे. ज्यांनी आईंना बेशुद्धीच्या उंबरठ्यावर पाहिले त्यांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. त्यांनी आधीची चौदा वर्षे पाहिलेली नाहीत. या आजारात चौदा वर्षांत एकही झटका नाही, हे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते. विषबाधेची कारणे माहीत आहेत आणि ती टाळता येण्याजोगी आहेत. ज्याचे कारण सापडत नाही अशी विषबाधा झाली असती, तर माझे मत वेगळे असते.

पुढील परिस्थितीत मात्र मी लिथियमकडे परत जाणार नाही. क्रिएटिनिन ‘पूर्ववत’ असले तरी वयाच्या हिशेबाने काढलेला गाळण्याचा वेग, म्हणजे ईजीएफआर, बराच खाली असेल; किंवा हृदयाच्या आजारामुळे लघवीची औषधे अपरिहार्य असतील; किंवा आईंच्या चालण्यात, बोलण्यात अजूनही दोष राहिला असेल. हा शेवटचा मुद्दा नीट पाहा. लिथियमची विषबाधा उतरल्यानंतरही काहींच्या लहान मेंदूवरचा, म्हणजे तोल आणि हालचाली सांभाळणाऱ्या भागावरचा, परिणाम रेंगाळतो आणि क्वचित कायमचा राहतो. सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येते का, पेला ओठांपर्यंत नेताना पाणी सांडते का, हे घरीही कळते आणि डॉक्टर तर तपासतीलच. आणखी एक परिस्थिती आहे, ती वैद्यकीय नाही: वेळच्या वेळी रक्त तपासून घेणारे जबाबदार माणूस घरात नसेल, तर लिथियम देऊ नये, ते कितीही गुणकारी असो.

पर्यायांची माहिती तुम्ही विचारली आहे, तेव्हा तेही निर्दोष नाहीत हे सांगणे भाग आहे. व्हॅल्प्रोएटने वजन वाढते, हात थरथरतात, प्लेटलेट उतरू शकतात आणि यकृतावर लक्ष ठेवावे लागते. ओलॅन्झापिन आणि क्वेटियापिन उन्माद लवकर आवरतात, परंतु साखर, चरबी आणि वजन वाढवतात. क्वेटियापिनने उभे राहताना रक्तदाब घसरून पडण्याची भीती असते, आणि गुडघे दुखणाऱ्या 64 वर्षांच्या बाईसाठी पडणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. कार्बामॅझेपिनने रक्तातील सोडियम उतरते, इतर औषधांचा प्रभाव घटतो, आणि आशियाई वंशाच्या काही लोकांत त्वचेची जिवावर बेतणारी प्रतिक्रिया येऊ शकते. लॅमोट्रिजिन नैराश्याचे झटके रोखते, उन्मादावर मात्र त्याचा भरवसा कमी. यांतले एखादे औषध आईंना उत्तम लागू पडेलही, पण ते चौदा वर्षे तपासून पाहिलेले नसेल. त्यामुळे प्रश्न सुरक्षित औषध की धोकादायक औषध असा नाही. ज्याचे धोके आता आपल्याला पुरते ठाऊक झाले आहेत ते घ्यायचे, की ज्याचे अजून ठाऊक व्हायचे आहेत ते, असा आहे.

लिथियम सुरू केलेच, तर ते पूर्वीच्या मात्रेत नको. साठीपुढच्या रुग्णांत पातळी साधारण 0.4 ते 0.8 च्या दरम्यान आणि शक्यतो खालच्या बाजूला ठेवतात. 300 मिलिग्रॅमपासून सुरुवात करून दर टप्प्यावर रक्त पाहत वर जाणे हा रुळलेला मार्ग आहे. मात्रा बदलल्यावर पातळी स्थिर व्हायला पाच ते सात दिवस लागतात, म्हणून त्याआधी तपासण्यात अर्थ नसतो. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली तर सकाळी नऊला रक्त, आणि सकाळचीही गोळी असेल तर ती रक्त दिल्यानंतर. अनेकजण सकाळची गोळी घेऊनच लॅबमध्ये जातात, मग आकडा फुगलेला येतो आणि सगळे घाबरतात. दुसरी गंमत लॅबची: रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांमध्ये लिथियम हेपॅरिन घातलेले असते, आणि चुकून अशा नळीत रक्त घेतले तर नळीतलेच लिथियम अहवालात उतरते. रक्त देताना ‘लिथियमची तपासणी आहे, साध्या नळीत घ्या’ एवढे आवर्जून सांगावे. सुरुवातीचा काळ सरल्यावर आईंच्या वयाला दर तीन महिन्यांनी पातळी, आणि दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, ईजीएफआर, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि कॅल्शियम, असा क्रम ठेवावा.

रक्तदाबाचे औषध बदलून घ्यावे लागेल. अॅम्लोडिपिनसारखे औषध लिथियमबरोबर सहसा चालते. अंतिम निवड फिजिशियनची, पण या वेळी मनोविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलून. येथे एक उलटी बाजूही सांगून ठेवतो. पातळी वाढवणारे औषध चालू असताना लिथियमची मात्रा बसवली आणि नंतर ते औषध कोणी काढून टाकले, तर लिथियम खाली येते आणि आजार उलटतो. म्हणून दुसरे कोणतेही औषध सुरू होताना, बंद होताना किंवा त्याची मात्रा बदलताना आठवड्याभरात एकदा पातळी पाहावी. गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉल घेता येईल. संधिवातावर त्याचा उतारा माफकच असतो, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे; मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून नियमाने केले तर जास्त आराम पडेल. चोळायच्या डायक्लोफिनॅकमधून औषध रक्तात फार कमी जाते, तरी तेही विचारूनच वापरावे. गावोगावी मिळणाऱ्या, नाव-घटक काहीही न छापलेल्या गुडघेदुखीच्या पुड्या मात्र घरात येऊ देऊ नका. त्यांत कधी स्टिरॉइड असते, कधी हीच वेदनाशामके असतात.

इंग्लंडमध्ये लिथियममुळे झालेल्या अपघातांची दखल घेऊन 2009 मध्ये रुग्णाजवळ ठेवायची एक छोटी पुस्तिका, खिशातले कार्ड आणि तपासण्यांची नोंदवही असा संच काढण्यात आला. आपल्याकडे तसे सरकारी काही हाती पडणार नाही, पण शंभर पानी वहीने काम भागते. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘लिथियम चालू आहे’, मात्रा, कंपनीचे नाव, मनोविकारतज्ज्ञांचा फोन. पुढे तारीख, पातळी, क्रिएटिनिन, टीएसएच आणि त्या दिवशी चालू असलेली सर्व औषधे, आयुर्वेदिक धरून. ही वही रक्तदाबाच्या फाईलमध्येच ठेवा, वेगळी नको. मेडिकलवाल्यालाही एकदा दाखवून ठेवा. तो कधीकधी ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरे पाकीट देतो. इतर गोळ्यांत ते चालून जाते, लिथियममध्ये साधी गोळी आणि सावकाश विरघळणारी गोळी यांत फरक पडतो, त्यामुळे कंपनी किंवा प्रकार बदलला तर पातळी पुन्हा तपासावी.

धोक्याच्या खुणा वहिनींना पाठ असाव्यात, कारण अकोल्यात आईंजवळ दिवसभर त्याच असतात. बोटांचा बारीक कंप जुनाच आहे, त्याला घाबरू नये. कंप मोठा होऊन चहाचा कप हिंदकळू लागला, पाय अडखळू लागले, बोलणे जड झाले, आई गुंगीत राहू लागल्या किंवा त्यांना मळमळ आणि जुलाब सुरू झाले, तर पुढची गोळी देऊ नये, डॉक्टरांना फोन करावा आणि त्याच दिवशी पातळी आणि क्रिएटिनिन पाहावे. ‘लिथियम एकदम बंद करू नये’ असे मी वर लिहिले आणि आता ‘गोळी देऊ नका’ म्हणतो, यात विसंगती नाही: एक-दोन दिवस थांबून तपासणे वेगळे आणि महिनोन्‌महिने सोडून देणे वेगळे. असा प्रसंग आल्यास काय करायचे ते डॉक्टरांकडून आधीच वहीत लिहून घ्या. लक्षणे स्पष्ट असताना आकडा फार वाढलेला नसला, तरी निर्धास्त होऊ नये. दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांत मेंदूतला परिणाम रक्तातल्या आकड्याच्या पुढे असतो.

राहिला मामांचा प्रश्न. त्यांची कळकळ खरी आहे, पण निर्णय त्यांचा नाही. तो तुमचाही नाही आणि माझाही नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार, माहिती समजून घेऊन परिणामांचा विचार करू शकणाऱ्या आणि आपला निर्णय सांगू शकणाऱ्या व्यक्तीला स्वतःच्या उपचारांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार आहे, मानसिक आजार असला तरी. आईंनी चौदा वर्षे हा आजार आवरून संसार सांभाळला आहे. ‘माझी तीच गोळी द्या’ हा त्यांचा हट्ट नसून अनुभव असेल. अट एवढीच की विषबाधेत काय झाले होते, ते पुन्हा होऊ शकते का आणि पर्याय कोणते, हे डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून, त्यांच्या भाषेत सांगावे. झोप आणखी कमी होऊन उन्माद चढला, तर हे संभाषण अवघड होईल. लवकर जायला सांगण्याचे तेही एक कारण आहे. त्याच कायद्यानुसार, पुढे कधी निर्णय घेता आला नाही तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधी लिहून ठेवता येते आणि आपला प्रतिनिधीही नेमता येतो. बऱ्या असताना आईंनी तसे लिहून ठेवावे, असे मी सुचवेन.

आषाढीच्या उपासाला माझी हरकत नाही, निर्जळी उपासाला आहे. पाणी, ताक, शेंदेलोण घातलेले लिंबाचे सरबत, भगर, शेंगदाण्याची आमटी असे दिवसभर घेत राहिल्यास मूत्रपिंडाला काही कळणारही नाही. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितले असेल, तर ते हळूहळू कमी करून तेवढेच कायम ठेवावे. एक आठवडा अळणी आणि दुसऱ्या आठवड्यात लोणचे-पापड, असे नको. चहाही एकाएकी सोडू नये, कारण चहातील कॅफिनमुळे थोडे लिथियम लघवीवाटे जात असते आणि चहा अचानक थांबला की पातळी चढते. लिथियम तोवर सुरू झालेले असेल, तर एकादशीच्या आठवड्यात एक पातळी पाहून घ्या, आणि पुढच्या वर्षापासून मार्चअखेरीला, उन्हाचा कडाका सुरू होण्यापूर्वी, एक तपासणी वहीत कायमची लिहून ठेवा.